गयाबाईचं चालणं

गयाबाई भर वैशाखात अनवाणी चालायची. साखरा गावाकडच्या वाटेवरची काळी माती तव्यासारखी तापलेली असायची, तुरीची धसकटं वर आलेली असायची. पण ही बाई डोक्यावर भारा घेऊन अशी चालायची, जणू पायाखाली सारवलेलं अंगण आहे. घरात चपलेला पैसे नव्हते अशातला भाग नाही. खाऊनपिऊन सुखी घरची बाई. तिने देवीला काहीतरी बोललेलं आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. काय बोललं आहे, हे मात्र कुणी विचारत नसे. पुरा न झालेला नवस चारचौघांत उघडा पडला की तो गेला, अशी त्या गावाची श्रद्धा.

आणि अशा गावात मी जाऊन पडले. वय पंचवीस, खांद्याला झोळी, झोळीत टेपरेकॉर्डर, आणि डोक्यात असा समज की देवधर्म हे प्रकरण माझ्या प्रश्नावलीची वाट बघत इतकी शतकं ताटकळत बसलंय. प्रबंधाचा विषय 'ग्रामीण स्त्रियांचे नवस'. सतरावा प्रश्न, 'नवसाचे कारण'. हे ऐकून माझी नात म्हणते, "आजी, तू किती आगाऊ होतीस!" आगाऊ हा शब्द फार मायेचा झाला.

गयाबाईने मला घरात ठेवून घेतलं. टेपरेकॉर्डर तिला अजिबात पसंत नव्हता. "ह्याला आदी फडक्यानं झाक," म्हणायची. "गपचिप ऐकून राहिलंय, व्हय न्हाई की न्हाई न्हाई. असलं माणूस बरं नसतंय."

"मावशी, चपला काहून सोडल्या?" एक दिवस मी विचारलंच. 'काहून' मुद्दाम, त्यांच्याच बोलीत बोललं की लोक मोकळे होतात, असं मी वाचलं होतं.

"पायाला इचार."

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न फिरवून विचारला, तिसऱ्या दिवशी आणखी फिरवून. तेव्हा ती हातातली सुपली खाली ठेवून म्हणाली, "बाई, दुसऱ्याच्या वावरात ढोरावानी शिरू नये. धुऱ्या-धुऱ्यानं, बांधावरनं चालावं. इचारणाऱ्याचं तोंड दुखत न्हाई, सांगणाऱ्याचं काळीज दुखतंय." मी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ मारली आणि 'लोकशहाणपण' असं समासात लिहिलं. ते मलाच उद्देशून होतं, हे डोक्यात शिरलं नाही.

एका दुपारी हळदीच्या शेतातून येताना तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. लिंबाखाली बसून मी तिचा पाय मांडीवर घेतला आणि पिनेने काटा कोरून काढू लागले. टाचेला इतक्या भेगा की त्यात काटा शोधावा लागत होता. तिने डोळे मिटून घेतले होते. त्या वेळी मला तिच्याबद्दल माया वाटली, हे खरं. आणि विचारायची हीच वेळ आहे हेही मला कळलं, हे त्याहून खरं. तिचा एकुलता एक मुलगा भास्कर बापाशी भांडून घर सोडून गेला होता आणि त्याचा पत्ता नव्हता, एवढं माझ्या कानावर आलं होतं.

"मावशी, भास्करला जाऊन किती वर्षं झाली हो?"

"तो गेला त्याच रोजी ह्या पायातल्या…" आणि ती थांबली. पाय ओढून घेतला. मग म्हणाली, "हे तुझ्या-माझ्यात ऱ्हाऊ दे, लेकी."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

शहरात परतल्यावर मी एका दैनिकाच्या पुरवणीत त्या नवसावर लेख लिहिला. गयाबाईची सखूबाई केली, गावाचं नाव गाळलं. नाव बदललं की माणूस झाकला जातो, अशी आमची शास्त्रीय अंधश्रद्धा. वैशाखात अनवाणी चालणारी, मुलगा परागंदा झालेली बाई त्या टापूत एकच होती. पुरवणी गावात पोचली आणि पारावर मोठ्याने वाचली गेली.

दोन महिन्यांनी मी लेखाचं कात्रण मिरवायला गेले. एस.टी.तून उतरले तर समोरून गयाबाई येत होती. पायात चपला होत्या. नव्या कोऱ्या. सवय मोडल्यामुळे ती सपाट रस्त्यावर अडखळत होती.

"मावशी, मी तुमचं नाव कुठंच लिहिलं नाही…"

"न्हाई लिहिलं. गुरुजीकडून वाचून घेतलं की मी. चांगलं लिहितीस. मलाच रडू आलं."

"मग चपला…?"

"आता काहून अनवाणी चालू? बोलणं उघडं पडलं."

मी अतिशहाणी. म्हणाले, "नवा नवस बोला ना. चूक माझी आहे."

"तुझ्यामुळं तो येणार न्हाई, असं मी म्हणत न्हाई, पोरी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पण मी चालत व्हते तवर तो येऊन राहिला व्हता. रोज थोडा थोडा. आता कुठं थांबलाय, मला काय ठाव?" मग तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. "चल, सावलीत चल."

प्रबंधातून मी तिची पानं काढून टाकली. त्यागाचा आव आणत नाही. पदवी मिळायची ती मिळालीच. पेढे घेऊन गेले, तेव्हा तिने एक पेढा देवापुढे ठेवला, माझ्या गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं, माय. दोघीतल्या एकीचं तरी झालं."

पुढे मी धर्माभ्यास शिकवला. विद्यार्थी संमतीपत्रावर माणसांच्या सह्या, अंगठे घेऊन येत. मी विचारायची, "अंगठा मिळाला. पण सांगितल्याने ह्या बाईचं काय जाणार आहे, ते तुला कळलं का?" पोरांना संशोधनपद्धतीचा प्रश्न अपेक्षित असायचा.

दरवर्षी मी गयाबाईच्या गावाला जायची. भास्करचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही.

गेल्या महिन्यात गयाबाई गेली. तिच्या पुतणीचा फोन आला. "सकाळी गेली, दुपारी उरकलं," म्हणाली आणि थांबली. बहुधा मी विचारीन म्हणून थांबली असावी. अग्नी कुणी दिला, हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं.

मी विचारलं, "तुम्ही कुणी जेवलात का गं?"