पिवळट डागाची काच

ज्याला आपण चारचौघांत पळपुटा म्हटलं, त्याचंच हत्यार आपल्या हातानं मोडलं, असं तुमचं कधी झालंय? माझं झालंय. श्रीरामपूरला राहणारे माझे मावसकाका हे अख्ख्या नगर जिल्ह्यातले सर्वांत सावकाश गृहस्थ. त्यांच्यापुढे गोगलगायसुद्धा उतावळी ठरेल. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि मागच्या खोलीत पडदे करायला बसले. खिडकीचे नव्हेत. प्लास्टिकच्या जातीचा एक पदार्थ विरघळवून काचेवर ओतायचा. वाळला की हळदीच्या पाण्याच्या रंगाचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा उरतो. त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं. गोबरगॅस त्यावर सोडला की न जळणारा कार्बन डायऑक्साईड पलीकडे निसटतो, कामाचा मिथेन बराचसा अलीकडे राहतो. "एसटीच्या दारासारखं आहे गं," काका समजावत. "किडकिडीत लोक गर्दीतून सटकन आत जातात, अंगानं भरलेले खाली उभे."

पडदा ओतायच्या दिवशी पंखा बंद, कुकर बंद, मावशीला शिंक आली तर तिनं अंगणात पळायचं. "मंगळसूत्र बांधताना ह्यांचा हात लटपटत होता," ती म्हणायची, "आणि काचेपुढे बघ, दगड!" पुणतांब्याच्या एका बाईंच्या गोबरगॅसला काकांनी एकदा पडदा जोडला. जाळ निळाशार झाला तसे काका तिथंच वही उघडून आकडे लिहीत बसले. बाई पिठाची परात घेऊन ताटकळल्या. शेवटी म्हणाल्या, "मास्तर, जाळ लई झ्याक हाय, पन भाकर काय तुमच्या वहीवर भाजू?"

या पडद्यांची खोड अशी की वय झालं की त्यांची छिद्रं मिटत जातात. ती मिटू नयेत म्हणून काका पडदा कधी खास दिव्याखाली धरत, कधी भट्टीत तापवत, आणि मग दोन-दोन वर्षं नुसती वाट बघत. "नवा पडदा कुणीही करील. म्हातारा झाल्यावर तो किती श्वास घेतो, ते खरं."

मला वाट बघणं कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्या घरात पोराच्या हाती खुळखुळ्याआधी चळवळीचं पत्रक देत. जवळच्या साखर कारखान्याच्या मळीच्या तळ्यातून येणाऱ्या गॅसच्या वासानं लोक हैराण होते, म्हणून मी पत्रक लिहिलं: 'हा वायू बंद करा!' काकांनी सही नाकारली. "या कॉम्रेडबाई. बंद करा लिहिलंयस? गाळून वापरा लिही, दोनदा सही करतो." मी तिथल्या तिथे तळाशी एक ओळ वाढवली: खोलीत दडून बसणारे विद्वान पळपुटे असतात.

पत्रकं मी हातानं कोरलेल्या ठशावर छापते आणि शाई लाटायला सपाट काच लागते. काका बाजारात गेले होते. मागच्या खोलीत परातीखाली झाकलेली एक काच सापडली, पिवळट डागाची. मी थिनर ओतून खसाखसा पुसली. डाग विरघळेना, पण घासल्यावर पापुद्र्यासारखा सुटून आला. मला तेव्हाही काही कळलं नाही. मी शाई लाटली आणि सगळी पत्रकं छापून काढली.

काका आले. काळी झालेली काच त्यांनी पाहिली. मग पत्रक चष्म्याशी धरून वाचलं, तळची ओळसुद्धा. "छपाई स्वच्छ आलीय," म्हणाले. "काच चांगली होती."

तो डाग म्हणजे पडदा होता, त्याच आठवड्यात त्याला दोन वर्षं पुरी होत होती आणि तो पुणतांब्याला नेऊन तपासायचा होता, हे मावशीनं मला नंतर सांगितलं.

"पुन्हा करू," काका म्हणाले होते. पण तोवर त्यांचा हात कापू लागला होता. पडदा एका कडेला जाड यायचा, दुसऱ्या कडेला फाटायचा. तीनदा ओतून पाहिलं, मग त्यांनी काचा धुऊन भिंतीला उभ्या करून ठेवल्या. तळं तिथंच आहे आणि वासही तोच. लोकांवर तुटून पडायला मला शब्द कधी कमी पडले नाहीत. काकांसमोर बसून 'चुकले' एवढं म्हणायला मात्र अजून जमलेलं नाही.

म्हणून आज एवढंच मागते. तुमच्यात कुणी रसायन शिकणारं असेल, हात स्थिर असेल आणि वाट बघायची तयारी असेल, तर काकांकडे या. वही भरलेली आहे, काचा धुतलेल्या आहेत. ते सांगतील, तुम्ही ओता. फक्त त्या खोलीत कुठं पिवळट डाग दिसला तर पुसू नका. आधी त्यांना विचारा.