ईशानचे बूट आणि पद्माक्कांचा स्लॅब

ईशानचे बूट जुने नव्हते. ही माहिती घरात सगळ्यात शेवटी मला मिळाली, आणि तोपर्यंत त्यातला एक मी नवा करून ठेवला होता.

सई, तुझ्या भावाने तुला हा प्रकार अर्धाच सांगितला असणार (स्वतः फोनवर रडकुंडीला आला तो भाग गाळून!), म्हणून दोघांसाठी एकदाच नीट लिहून ठेवते.

परदेशी जाताना ईशानची बॅग जड झाली, म्हणून त्याने एक खोका माझ्या कपाटात ठेवला. आत बूट. घालायचे नव्हेत, जमवायचे! लोक पोस्टाची तिकिटे जमवतात, नाणी जमवतात. हा मुलगा बूट जमवतो, आणि ते पायात घालून फिरणाऱ्यांकडे दयेने बघतो. या जोडीसाठी तो बेंगळुरूत एका दुकानापुढे उजाडायच्या आत रांगेत उभा राहिला होता. (रेशनच्या रांगेत त्याला कधी पाच मिनिटे उभे करता आले नाही.)

त्या दिवशी तुमचा बाबा ईशानकडे जाण्यासाठी बेळगावहून पुण्याला विमान गाठायला निघाला होता. वाटेत निपाणीला आमच्याकडे जेवायचे, खोका घ्यायचा, आणि रविवारी ईशान ते बूट तिकडे एका प्रदर्शनात मांडणार, असा बेत होता. ईशानने फोनवर बजावले होते, "आजी, मऊ फडक्यानं फक्त धूळ पूस. बाकी काही करू नको हां!"

"मी काय करणार आहे?" मी म्हणाले.

सकाळी खोका उघडला आणि बघते तर काय! तळव्यांच्या कडा पिवळ्या! वरच्या काठावर भेगा! जिभेच्या कडेने स्पंज बाहेर डोकावतोय! डांबराच्या गोळ्या, कडुलिंबाचा पाला, महिन्यातून एकदा ऊन दाखवणे, अशा माझ्या कपाटात पोराचे बूट म्हातारे झाले? बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर दर सोमवारी आमचे पांढरे कॅनव्हासचे बूट तपासत, आणि नमुना म्हणून माझे बूट इतर वर्गांत फिरत. (मी अनवाणी बाकावर बसून असे. पण मान केवढा!) अशा बाईकडून पिवळे बूट परदेशी जाणार? छे!

तेवढ्यात बाबाचा फोन. "आई, काकती सोडलं. जेवण तयार ठेव."

म्हणजे वेळ थोडा. तरीही मी घाई केली नाही. शास्त्र म्हणते, प्रयोग एकावर करावा आणि दुसरा तुलनेला ठेवावा. म्हणून उजवा बूट हवा लागायला मागच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि डाव्याला मोरीत घेतले.

साबणाने काही होईना. सोडा आणि लिंबू झाले. मग भांड्यांची घासणी घेतली आणि काय सांगू! पिवळेपणा पापुद्र्यासारखा निघायला लागला. खालून पांढरे शुभ्र रबर! बघा, मळच तो! मला असा काही जोर चढला की विचारू नका. तुमचे आजोबा दारात येऊन उभे राहिले.

"काय गं, बूट घासतीस का देवाची समई?"

"तुम्ही पेपर वाचा."

"पोरानं हात लावू नको म्हटलंय न्हवं?"

"पोराला काय कळतं? त्याचे दात पण मीच घासून दिलेत."

बाहेर आलेला स्पंज मी कात्रीने कापला आणि वर सुबक टाके घातले. शेवटी जे मी प्रत्येक पांढऱ्या वस्तूला करते ते केले. नीळ! नीळ जरा जास्त पडली. बूट आकाशी झाला. पुन्हा लिंबू, पुन्हा पाणी, पुन्हा घासणी, मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच बाबाचा फोन ("आई, संकेश्वर गेलं!"), आणि अखेर बूट असा उजळला की सिस्टर असत्या तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पदराला हात पुसत मी दुसरा आणायला मागे गेले.

भिंत रिकामी.

"अहो! बूट कुठाय?"

"कुठला बूट?" पेपरामागून आवाज आला.

"भिंतीवरचा!"

"तो व्हय? पद्माक्का घेऊन गेल्या की. टाकायचा हाय न्हवं म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, न्या."

मी वर बघितले. शेजारच्या पद्माक्कांच्या वरच्या मजल्याचा स्लॅब आदल्या दिवशीच ओतला होता. पुढे आलेल्या एका सळईला कोहळा, कोहळ्याशेजारी काळी बाहुली, आणि बाहुलीखाली, लिंबू-मिरचीची माळ गळ्यात घालून उलटा लटकलेला, ईशानचा उजवा बूट!

मुलांनो, तुमच्याकडे तिकडे नवे घर बांधताना काय करतात ठाऊक नाही. इकडे दृष्ट लागू नये म्हणून जुने पायताण टांगतात. जितके जुने तितके चांगले.

मी धावत गेले. पद्माक्का दारात हळदीकुंकवाचे ताट घेऊनच उभ्या होत्या.

"या वैनी! लई उपकार झालं बघा. चार दिस जुनं पायताण शोधतोय, आमच्यात सगळी रबरी चपलं, तीबी नवी. तुमचा बूट म्हणजे, काय सांगू, बघितल्याबरोबर वाटलं, ह्याच्याकडं बघून दृष्ट आल्या वाटंनं माघारी जाईल!"

"पद्माक्का, तो ईशानचा आहे. काढून द्या हो."

"अय्यय्यो! बेडा बेडा!" त्यांनी कानडीत नको-नको म्हणत दोन्ही हात हलवले. "नारळ फुटला की आता. टांगलेलं उतरवायचं नसतंय. घराला वाईट."

"बाबा निघालाय, विमान आहे त्याचं!"

"मग दुसरा आणा. मोकळं ठिवून चालत न्हाय. हा उतरायच्या आत दुसरा चढाय पायजे."

मी घरी पळाले. आजोबांचे काळे बूट उचलले. आजोबा मागून "अगं, ते लग्नकार्याचं!" म्हणत राहिले. पद्माक्कांनी बूट नाकाशी धरला आणि दचकून दूर केला.

"चामड्याचं हाय वैनी! आम्ही जैन. घरावर चामडं टांगू का?"

"मग तो वरचा?"

"बूट देताना तुमच्या अण्णांनीच सांगितलं की, प्लास्टिक हाय म्हणून!"

(तो वरचा कशाचा होता, हे मी आजतागायत ईशानला विचारलेले नाही. ईशान, तूही सांगू नकोस. स्लॅब छान वाळला आहे.)

पुन्हा घरी. एव्हाना फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. बाबा आला! मी त्याला "हात धू" एवढेच ओरडले आणि मागच्या पडवीतून आजोबांचा बोरगावच्या शेतावरचा गमबूट ओढून काढला. शुद्ध रबर, वर गेल्या पावसाळ्याचा चिखल.

"आता शेतात काय एका पायानं जाऊ?" आजोबा कळवळले.

"दिलात ना बूट? मग फेडा आता!"

गमबूट पसंत पडला. गवंडी शिडीवर चढला. गमबूट वर, बूट खाली. त्याच्यावर कुंकवाचा टिळा होता, सिमेंटचा फराटा होता, नारळाचे पाणी सुकून पिवळ्याचे जास्तच पिवळे झाले होते. मी तो धुवायला घेणार, इतक्यात बाबाने ईशानला व्हिडिओ कॉल लावला. मी आधी माझी कामगिरी पुढे केली.

"बघ! डावा झालाय. उजवा दहा मिनिटांत करते."

ईशानचा चेहरा पडदाभर मोठा झाला. मला वाटले, कौतुकाने बघतोय.

"आजी," तो कसाबसा म्हणाला, "पिवळा रंग कुठाय?"

"काढला! सगळा!"

"अगं, तो कंपनीनं दिलेला रंग होता! भेगा पण त्यांनीच पाडलेल्या, स्पंज पण! नवाच बूट, मुद्दाम जुना दिसायला केलेला. त्यासाठी तर मी रांगेत उभा होतो!"

आजोबांनी पेपर वर धरला, पण पेपर हलत होता. हसत होते!

"मुद्दाम?" मी विचारले. "जुने करायला कारखाना?"

"आजी, रविवारी काय मांडू मी?"

त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी उजवा बूट कॅमेऱ्यापुढे धरला. तो एकदम उठून बसला.

"थांब! हा कसला भारी झालाय! आजी, हा काय केलास? असाच डावा पण करता येईल?"

करता येईल? न करून सांगते कुणाला! बाबाला म्हटले, तू जेव, आणि डावा बूट घेऊन मी तिसऱ्यांदा पद्माक्कांच्या दारात. मघाशी बूट उतरवण्यासाठी जी बाई गयावया करत होती, तीच आता म्हणत होती, "आक्का, हाही टांगता का हो? तासभर तरी?"

पद्माक्कांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, उन्हात धरला.

"न्हाय जमायचं वैनी," त्या हळहळल्या. "हा एवढा झकपक बूट वर टांगला तर ह्यालाच दृष्ट लागंल. आनि मग ह्याच्यासाठी आनखी एक टांगाय लागंल!"

बाबा खोका न घेताच पुण्याच्या वाटेने कोगनोळीकडे निघून गेला. ईशानने रविवारी दुसरी कुठली तरी जोडी मांडली. तेव्हापासून रोज सकाळी मी अंगणात बसून त्या डाव्या बुटावर चहाचा चोथा चोळते, हळद लावते, चिखल थापते, आणि जरासे पाणी लागले की तो पुन्हा लख्ख होतो. काय करणार? आयुष्यात एक वस्तू मळवायची वेळ आली, आणि नेमकी तीच मी इतकी पक्की धुऊन ठेवली आहे!