कुवाबारांची बस

कुवाबारांनी क्रेडिट कार्ड कंपनीच्या नोकरीत आयुष्यभर एकच काम केलं. दुकानाच्या दारावर कंपनीचा स्टिकर चिकटवणं. ऐकायला हे काम शाळकरी पोराचं वाटेल, पण स्टिकर चिकटवण्याआधी दुकानदार वळवावा लागतो, आणि दुकानदार ही जमात जगाच्या पाठीवर कुठेही सहजासहजी वळत नाही.

ते पंचविशीत होते तेव्हा कंपनीच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. आपलं जपानी कार्ड परक्यांच्या उसन्या जाळ्यावर चालवायचं नाही, साऱ्या जगात स्वतःचं जाळं विणायचं! मग जपानी पर्यटक जिथे जिथे चामड्याच्या पिशव्या घ्यायला धावेल, तिथे तिथे त्याच्या आधी कंपनीचा एकेक पोरगा जाऊन उभा. कुवाबारांच्या वाट्याला लिस्बन आलं. ते दुकानात शिरून कमरेत वाकत, आणि तिथले चपलावाले घाईघाईने खुर्ची आणून देत. त्यांना वाटे, बिचाऱ्याची कंबर धरली. त्या खुर्चीत बसून बसून कुवाबारांनी अख्खा रस्ता कार्ड घ्यायला लावला.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा कंपनीने त्यांची बदली त्यांच्याच गावी, मात्सुएला केली. तिथे बाजारपेठेतली एक छप्पर घातलेली गल्ली होती. याच गल्लीत कुवाबारांचे वडील लाकडी खडावा विकायचे. वडील गेले, दुकानाचं शटर खाली आलं. पण दुकान कुवाबारांच्या नावावर असल्यामुळे गल्लीच्या संघाचे ते अजून सभासद होते. बाकीच्या गल्लीचंही तेच झालेलं. शटरं, शटरं, मध्येच एखादं जिवंत दुकान, पुन्हा शटरं. जिवंत दुकानं सात. त्यांतही गिऱ्हाईक असलेलं दुकान शोधायला नशीब लागे.

"यंदाचा हिवाळा शेवटचा," चहावाले काजितानी म्हणाले. संघाचे अध्यक्ष तेच, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. "छपराच्या डागडुजीला पैसा नाही. वसंतातल्या सभेत संघ मोडायचा, छप्पर उतरवायचं. एकदा छप्पर गेलं की इथे मांजरसुद्धा फिरकायचं नाही."

कुवाबारांना रात्रभर... नाही, ते झोपले छान. पण सकाळी उठल्याबरोबर त्यांना कल्पना सुचली. जवळच्या साकाईमिनातो बंदरात तैवानच्या पर्यटकांची मोठमोठी जहाजं लागत. आणि आता तैवानातले लोकही कंपनीचंच कार्ड वापरत! पूर्वी जपानी माणूस कार्ड घेऊन जगात जायचा, आता जग तेच कार्ड घेऊन जपानी माणसाच्या दारात येत होतं. ते थेट जहाजावरच्या पाहुण्यांना बसने गाव दाखवणाऱ्या नोझूबाईंकडे गेले.

"बस थांबवीन की मी," नोझूबाई म्हणाल्या. "एकदा थांबवून बघू. लोकांनी खरेदी केली तर दर जहाजाला थांबवू. पण सातही दुकानांनी कार्ड घेतलं पाहिजे हं. एकानेही 'रोख द्या' म्हटलं की सगळी बस तोंड वाकडं करून बसते."

सहा दुकानं पटकन वळली. बुडत्याला काय, काडी घे म्हटलं तरी तो घेतो, कार्ड तर काय. अडलं सातव्याशी. छत्र्यांचं दुकान, मालकीण निशिकोरी काकू, वय ऐंशीच्या आसपास, जीभ विशीतली.

"शंभर येनांची छत्री विकली की तीन येन तुझ्या कंपनीला?" काकूंनी विचारलं. "का? छत्री ती धरते का?"

"काकू, गल्ली वाचेल त्याने. नाहीतर छप्पर उतरवतील."

"उतरवू दे. पन्नास वर्षं मी छपराखाली छत्र्या विकतेय, नोरी. जरा पाऊस पडू दे की माझ्याही दारात. खप तरी वाढेल!"

नोरी म्हणजे कुवाबारा. साठीला आलेल्या माणसाला नोरी म्हणणारं जगात आता एवढंच एक माणूस उरलं होतं, त्यामुळे त्यांना रागावताही येईना.

मात्सुएत कुणाकडे रिकाम्या हाताने जाण्याची पद्धत नाही. कुवाबारा प्रत्येक खेपेला मिठाईचा डबा नेत. डबा आला की परतफेड करणं भाग, नाहीतर तोंड कुठे दाखवायचं? काकूंनी पर्सिमनची फळं दिली. त्याची परतफेड म्हणून कुवाबारांनी बीनच्या वड्या नेल्या. काकूंनी लोणचं पाठवलं. कुवाबारांनी तांदळाचे लाडू नेले. दोघंही एकमेकांपुढे वाकत होती, हसत होती आणि मनातल्या मनात एकमेकांना शिव्या घालत होती. ऐन हिवाळ्यात काकूंनी हात टेकले.

"लाव बाबा तुझा तो स्टिकर! माझी साखर डॉक्टरला कळली तर तो तुझ्यावर खटला भरेल. पण आता काही आणलंस तर छत्रीने झोडपीन."

कुवाबारांनी स्टिकर लावला. लिस्बनचा अख्खा रस्ता एकीकडे आणि काकूंचं दार एकीकडे. मग त्यांनी काकूंना कार्डाचं यंत्र शिकवलं. काकू स्वतःच्या नातवापेक्षा लवकर शिकल्या, आणि तसं त्यांनी नातवाला फोन करून सांगितलंही.

फेब्रुवारीअखेरीस बस आली. नोझूबाई हातात झेंडा घेऊन उतरल्या. "अर्धा तास हं! जहाज थांबणार नाही!" आणि गल्लीत माणसं शिरली. खरी, बोलणारी, हसणारी, पिशव्या हलवणारी माणसं. काजितानींच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी एकेकाला बसवून चहा द्यायला घेतला. आधी पाणी गरम, मग निवत ठेवलेलं, मग चहाची पानं, मग वाट बघणं. पाहुण्याला उकळतं पाणी ओतून देतात का कुठे?

छत्र्यांच्या दुकानात एक तैवानी बाई शिरल्या. त्यांनी जांभळी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि हसून कार्ड पुढे केलं. कार्डाच्या कोपऱ्यावर कंपनीची खूण. तैपेईत मिळालेलं, समुद्र ओलांडून खडावावाल्या कुवाबारांच्या गल्लीत आलेलं! कुवाबारांनी यंत्र पुढे केलं.

"नंतर, नंतर," काकू म्हणाल्या. "पैशाची कसली घाई?" वस्तू बांधून हातात देण्याआधी पैसे मागायला त्या काय भिकारी होत्या?

त्यांनी छत्री पुसली. दांड्याला पातळ कागद गुंडाळला. मग जाड कागद, तिरका, तिन्ही घड्या एका रेषेत. एक घडी केसभर सरकली म्हणून सगळं सोडवून पुन्हा. मग फीत. जांभळीला जांभळी नको, म्हणून राखाडी शोधायला त्या आत गेल्या. तैवानी बाई कार्ड हातात घेऊन कौतुकाने बघत होत्या. कुवाबारा घड्याळ बघत होते. 'काकू, आवरा' एवढे दोनच शब्द हवे होते. पण ऐंशीच्या बाईला, तिच्याच दुकानात, पाहुण्यासमोर, आवरा? लिस्बनमध्ये असते तर त्यांनी जमवलंही असतं. इथे त्यांची जीभ रेटली नाही.

बाहेर नोझूबाईंची शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. मग लांबलचक वाजली. तैवानी बाई दचकल्या, कार्ड पर्समध्ये कोंबलं, दोनदा वाकल्या आणि धावत सुटल्या. काकू फीत घेऊन बाहेर आल्या तेव्हा बसचा दरवाजा लागत होता. कुवाबारा गुंडाळलेली छत्री छातीशी धरून थोडं अंतर मागोमाग पळाले. पण साठीतला माणूस बसच्या मागे किती पळणार?

गल्लीभर हीच गत. काजितानींचा चहा नुकता कपात उतरला होता. सात यंत्रांतून एकही पावती बाहेर आली नव्हती.

चार दिवसांनी नोझूबाईंचा फोन आला. "काय सांगू, लोक इतके खूश! म्हणाले, असं आदरातिथ्य कुठे बघितलं नाही."

"मग पुढच्या जहाजाला...?"

"कुवाबारा-सान, पण कुणी काही घेऊनच परतलं नाही हो. वरच्यांनी बस मोठ्या मॉलला वळवली. तिथे पिशवीत टाकतात आणि देतात. मोकळे. मला खरंच वाईट वाटलं."

कुवाबारा काकूंकडे सांगायला गेले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"घाई करायला हवी होती म्हणतोस?"

"नाही, काकू."

"खोटं नको बोलू."

"हो. करायला हवी होती."

"आणि ती घडी तशीच सोडायची?" काकूंनी विचारलं.

वसंतातली सभा काजितानींच्या दुकानात भरली. चहा सगळ्यांच्या पुढ्यात वेळेवर आला. काजितानींनी संघ मोडण्याचा ठराव वाचला आणि घसा खाकरून म्हणाले, "बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

पहिला हात निशिकोरी काकूंचा.

"काकू, एवढ्या लगेच?" गल्लीतल्या सुरीवाल्याने टोमणा मारला.

"आता तरी घाई करू दे की मला," काकू म्हणाल्या. सगळे हसले, आणि हसता हसता एकेक हात वर गेला.

कुवाबारांचा हात मांडीवर होता. वडिलांच्या दुकानाचं मत त्यांच्याकडे होतं. त्यांनी काजितानींकडे बघितलं, काजितानींनी चहाच्या कपाकडे बघितलं. मग कुवाबारांनी हात वर केला, अगदी सरळ, कंपनीत शिकवला होता तसा. काजितानींनी हात मोजले. कुणी विरोधात राहिलं असेल म्हणून पुन्हा मोजले. कुणी राहिलं नव्हतं.