त्या फोटोखाली ‘अज्ञात’ लिहिलं होतं

“हलू नको! वाकळ तशीच धर!”

हे काठावरून ओरडले आणि दचकून माझ्या हातातली वाकळ पाण्यात गेली.

कळंब्याच्या तलावावर जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळा धुवायला गेलो होतो. सकाळी भाकऱ्या थापल्या, लेकीची वेणी घालून तिला बालवाडीत सोडलं, आणि गाठोडं मांडीवर घेऊन ह्यांच्या स्कूटरवर बसले.
ब्याण्णव साल असेल.

धुण्याला बरं म्हणून सासूबाईंचं जुनं नऊवारी नेसले होते.

ह्यांचा राजारामपुरीत छोटा फोटो स्टुडिओ. पोरांच्या फॉर्मचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो संध्याकाळी द्यायचे होते आणि रोलमध्ये दोन-तीन फोटो शिल्लक होते.

“रोल वाया कशाला घालवायचा? तुझाच मारतो की.”

“ह्या अवतारात? लोक हसतील.”

“हसूदेत. फोटो चांगला येणार हाय, अवतार ऱ्हाऊदे.”

मी वाकळ परत उचलून धरली. फोटो खरंच चांगला आला. ज्याला आवडला त्याला ह्यांनी एक प्रत दिली. मी कुरकुरले की म्हणायचे, “लोकांनी बघावं म्हणूनच काढतोय न्हवं?”

हे जाऊन आज सहा वर्षं झाली.
स्टुडिओचं शटर वर करतानाच खाली बसले. उठले नाहीत.

गेल्या महिन्यात लेकीनं कॉम्प्युटरपुढं बसल्या बसल्या हाक मारली.
“अव्वा, पळत ये! ही तूच की गं!”

जुन्या कोल्हापूरचे फोटो लोक नेटवर एका ठिकाणी गोळा करून ठेवतात. कुणीही टाकावा, कुणीही घ्यावा. त्यात मी. पाण्यात उभी, हातात वाकळ.

खाली लिहिलं होतं : ‘संस्थानकाळातील स्त्री, कळंबा तलाव. छायाचित्रकार अज्ञात. कॉपीराइटची मुदत संपलेली.’

मला आधी हसूच आलं. नऊवारी आणि काळा-पांढरा रंग बघून कुणीतरी मला थेट महाराजांच्या काळात नेऊन ठेवलं होतं.

मग ‘अज्ञात’वर नजर गेली.

ह्यांचा शिक्का फोटोच्या मागं असायचा. नेटवर टाकताना मागची बाजू कोण दाखवतंय?

मी दहावी नापास आहे, पण वाचल्याशिवाय मला जेवण जात नाही. लेकीला त्या साइटचे नियम छापून आणायला लावले आणि चष्मा लावून वाचत बसले.

मला कळलं ते असं. फोटो पुरेसा जुना असला की त्याच्यावर कुणाचा हक्क राहत नाही, तो सगळ्यांचा होतो. आमचा फोटो तेवढा जुना नाही. हक्क अजून काढणाऱ्याचा, आणि त्याच्या मागं त्याच्या वारसांचा.
म्हणजे खरं सांगितलं तर फोटो तिथून काढणार. ठेवायचा असेल तर लेखी परवानगी द्यायची, की कुणीही घ्यावा, कुठंही छापावा. आणि दिलेली परवानगी परत घेता येत नाही.

“गप बसलो तर फोटो तिथंच राहतोय बघ,” लेक म्हणाली.

“बिननावाचा राहून काय करू? नाव पायजे.”

“मग फोटो सगळ्या जगाचा होईल. चालंल तुला?”

“तुझ्या आप्पांना चाललं असतं.”

तिनं मेल लिहिला. फोटो आमच्या घरचा आहे, नव्वदनंतरचा आहे, पत्नीची परवानगी आहे. आणि नाव : लिं. महादेव मगदूम.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाच्या नावापुढं कै. लिहीत नाहीत, लिं. लिहितात. लिंगैक्य. लेकीनं सवयीनं तसं लिहिलं, आणखी काही सांगायची गरज तिलाही वाटली नाही, मलाही नाही.

तिथं काम बघणाऱ्या कुणा भल्या माणसाचं उत्तर आलं.

‘माहितीबद्दल आभार. लिं. हे आद्याक्षर समजून फोटोखाली एल. एम. मगदूम असं नाव घातलं आहे. मात्र पत्नीची परवानगी चालत नाही. हक्क श्री. मगदूम यांचा आहे. त्यांनी स्वतः दोन ओळी लिहून पाठवाव्यात.’

“एल. एम.!” लेक खो खो हसली. “आप्पांचा पार साहेब केला की गं!”

मग तिनं शेवटची ओळ परत वाचली.

त्यांनी स्वतः दोन ओळी लिहून पाठवाव्यात.

सहा वर्षांत ह्यांच्याकडं कुणी काही मागितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. ह्या एका माणसाला माहीत नव्हतं. त्याच्या हिशेबानं हे घरातच होते. स्टुडिओत गेले असतील, जेवायला येतील, मग बायको सांगेल, अहो, तेवढ्या दोन ओळी लिहा.

“लगेच कळवू या का, आप्पा न्हाईत म्हणून?” लेकीनं विचारलं.

“आज ऱ्हाऊदे,” मी म्हणाले.

तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

एक दिवस कुठंतरी कुणाच्या तरी लेखी हे जिवंत होते. तेवढा दिवस मी जाऊ दिला.

आज हे लिहितेय, आज ह्यांच्या पुण्यस्मरणाचा दिवस. अहो, तुम्हाला माझा नमस्कार.

ते उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः कॉम्प्युटरपुढं बसले. लेकीनं मराठी अक्षरं लावून दिली, मी एका बोटानं लिहिलं :

‘माझे पती महादेव मगदूम वारले आहेत. फोटो त्यांनी काढला आहे. त्यातली बाई मी आहे. आम्ही त्यांचे वारस, आमची परवानगी आहे.’

आणि पाठवलं.