कंपनीची पिशवी

आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. युनिफॉर्म मात्र परत घेतले नाहीत. घेतले असते तर फार बरं झालं असतं.

आकाशी शर्ट आणि गडद निळ्या पँटी. ह्यांनी ते सगळे धुऊन, इस्त्री करून लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात रचून ठेवले. विहारात कार्यक्रम असला की लागणाऱ्या माझ्या पांढऱ्या साड्या त्यामुळे वरच्या खणात गेल्या, आणि तिथे माझा हात पोचत नाही. पौर्णिमा आली की मी स्टुलावर. "काय करायचेत हे कपडे आता?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "असू दे गं. एखाद वेळेस बोलावतील. नवीन पोरांना काही कळत नाही तिथं." बोलावणं काही आलं नाही, पण अधूनमधून ते कपडे बाहेर निघायचे, त्यांना पुन्हा इस्त्री व्हायची आणि पुन्हा आत जायचे.

अशात मुलगी पुण्याहून आली ती खांद्याला एक पिशवी अडकवून. जुन्या जीन्सची शिवलेली, कुठल्याशा प्रदर्शनात घेतलेली. किंमत तिने सांगितली नाही आणि मी विचारली नाही. मायलेकींचे संबंध चांगले राहिलेले बरे.

"आई, याला अपसायकलिंग म्हणतात," ती म्हणाली.

माझी आई वडिलांच्या विटलेल्या पँटींच्या पिशव्या शिवायची. माझं शाळेचं दप्तरही त्यातलंच होतं आणि वर्गात मी ते बाकाखाली, भिंतीच्या बाजूला ठेवायचे. तेव्हा त्याला काही नाव नव्हतं. लोक नुसते बघायचे आणि त्यांना काय कळायचं ते कळायचं. आता नाव मिळालं होतं, शिवाय इंग्रजी. म्हटलं, आपणही करू. घरात कापडाला तोटा नव्हताच.

मी खणातून एक पँट ओढली तर हे हॉलमधून उठून आले.

"ती नको."

"मग कुठली घेऊ?"

"कुठलीच नको."

मी पँट ठेवून दिली. दोन-चार दिवस गेले. मग एका सकाळी चहा घेताना ह्यांनी स्वतःच एक पँट आणि एक शर्ट माझ्या पुढ्यात ठेवला. पँटीला गुडघ्यावर ग्रीसचा डाग होता. "ही घे. पण खिसा बाहेरच्या बाजूला यायला पाहिजे. कंपनीचं नाव दिसलं पाहिजे." शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव लाल दोऱ्याने भरलेलं होतं.

मी पँट उसवली. पायांच्या कापडाची पिशवी, कमरपट्टीचे बंद आणि दर्शनी बाजूला शर्टाचा खिसा, असा साधा बेत. आता सांगायची गोष्ट अशी की ह्यांची सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूत खोट काढायची आणि ती परत पाठवायची, यासाठी त्यांना पगार मिळायचा. निवृत्तीनंतर हे काम ते माझ्या पोळ्यांवर करून बघत होते, पण पोळी मोजायला कठीण. पिशवी चौकोनी होती. हे स्टीलची पट्टी घेऊन शिलाई मशीनशेजारी खुर्ची टाकून बसले.

"डावा बंद मोठा आहे."

"कितीने?"

"आहे."

मी उसवला. मग खिसा तिरका निघाला. तो उसवला. मग तळाची शिवण सरळ, पण टाके विरळ. जाड शिवणीवर सुई मोडली तेव्हा मशीनला तेल घालणं आणि सुया आणणं ही कामं ह्यांनी आनंदाने केली, पण माल काही पास होईना. शेवटी मी मशीनवरून उठले.

"अहो, तुम्हीच शिवा."

मला वाटलं होतं, विषय संपेल. हे खरंच बसले. आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर टीप मारायला शिकले. मशीन उलटं फिरायचं, दोरा गुंतायचा, हे मशीनला नावं ठेवायचे. मग पिशवी घेतली. पुरी झाली तेव्हा एक बंद पिळलेला होता आणि खिसा मी लावला होता त्यापेक्षा जास्त तिरका. ह्यांनी ती हातात घेऊन फिरवून बघितली. पट्टी लावली नाही.

"चालेल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हे एकटेच बाजारात गेले. मेथी मातीसकट होती म्हणून आधी भाजीवालीकडून कॅरीबॅग मागून घेतली आणि मग ती कॅरीबॅग पिशवीत ठेवली. बाजारात त्यांना कारखान्यातला जुना सोबती भेटला. दोघं बरोबरच निवृत्त झाले होते. त्याचं लक्ष थेट खिशावर गेलं.

"कंपनीनं पिशव्या वाटल्या का रे? कधी?"

इथे माणसाने खरं सांगायचं असतं. पण "माझ्या जुन्या पँटीची आहे" हे भर बाजारात ह्यांच्या तोंडून निघेना. हे हसले आणि "भेटू नंतर" म्हणून निघून आले. जाता जाता त्या सोबत्याने पिशवीचा फोटो काढला होता, हे ह्यांना कळलं नाही.

निवृत्त लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एरवी तिथे फुलं आणि सुविचार येतात. त्या दुपारी पिशवी आली, खाली मजकूर, "काहींना मिळाली, काहींना नाही. आम्ही काय फुकट राबलो?" संध्याकाळपर्यंत ह्यांच्या फोनला उसंत नव्हती. कुणी म्हणे, साहेबांच्या मर्जीतल्यांना मिळाली. कुणी म्हणे, इन्स्पेक्शनवाले पहिल्यापासून असेच. एकाने क्वालिटीही चांगली दिसते असं लिहिलं, तेवढं ह्यांनी मला वाचून दाखवलं.

"अहो, सांगून टाका ना."

"सांगतो. जरा शांत होऊ दे."

शांत काही झालं नाही. सकाळी चौघं-पाचजण मिळून कंपनीच्या गेटवर गेले आणि वॉचमनला आमच्या पिशव्या कुठे आहेत म्हणून विचारू लागले. वॉचमन नवीन होता. त्याने आत फोन लावला, आतल्यांना काही माहीत नव्हतं, त्यामुळे संशय आणखी पक्का झाला. गेटवरूनच सोबत्याने ह्यांना फोन केला तेव्हा मात्र ह्यांचा नाइलाज झाला.

"अरे, घरी मीच शिवली. पँटीची आहे," हे खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात म्हणाले. पलीकडून इतक्या मोठ्याने हसणं आलं की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

आता चेष्टा होणार, असं धरून हे दिवसभर घराबाहेर पडले नाहीत. संध्याकाळी सोबती दारात उभा. हातात त्याची स्वतःची निळी पँट आणि शर्ट, घडी घातलेले. "माझी पण शिव. खिसा तुझ्यासारखाच तिरका ठेव, नाहीतर डुप्लिकेट वाटंल." त्याच्यामागून दुसरे आले. असं कळलं की कुणाच्याच घरी ते कपडे टाकलेले नव्हते. प्रत्येकाच्या कपाटात ते इस्त्री करून ठेवलेले होते आणि प्रत्येकाच्या बायकोची तक्रार एकच होती.

हे आता सकाळी नाश्ता करून मशीनवर बसतात. जेवायची सुट्टीही ठरलेली आहे. त्या वेळात मी काही विचारलं तर "कामात आहे" असं उत्तर येतं.

मागच्या महिन्यात एक बाई आल्या. त्यांचे मिस्टर ह्यांच्याच खात्यात होते, निवृत्तीनंतर लगेचच गेले. त्यांनी शर्ट-पँट टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "धुतलेले नाहीत. तसेच शिवा." ह्यांनी मान हलवली. त्या पिशवीला बराच वेळ लागला, कारण ह्यांनी ती दोनदा उसवली. मी ह्यांना स्वतःचंच काम नापास करताना पहिल्यांदाच पाहिलं.

बाई न्यायला आल्या, चहा घेतला. पिशवी मांडीवर ठेवून खिशावरून हात फिरवत राहिल्या.

"कधी आले नाहीत माझ्याबरोबर बाजारात," त्या म्हणाल्या. "सेकंड शिफ्ट आहे, फर्स्ट शिफ्ट आहे, दमलोय. आता येतील रोज."

हे जमिनीकडे बघत होते. बाईंनी उठून पिशवी खांद्याला अडकवली, आरशात बघितलं आणि भुवया आक्रसल्या.

"भाऊ, बंद लांब झालेत हो. कमी करून द्या."

ह्यांनी निमूटपणे चष्मा लावला आणि बंद उसवायला घेतला.