तारीख न देणारा भाडेकरू

माझ्या वरच्या मजल्यावर राहून गेला त्या भाडेकरूइतका खरं बोलणारा माणूस बदलापुरात तर नाहीच, पण इकडे कल्याण आणि तिकडे कर्जत धरलं तरी मिळायचा नाही. आणि मिळालाच, तर त्याचं दुकान कधीचं बंद पडलेलं असेल. मी शाळा तिसरीत सोडली, पण माणसं भरपूर पाहिली. अंबरनाथला कंपनीत आयुष्य काढलं, जमीन मागायला येणारे दलाल पाहिले, मतं मागायला येणारे पाहिले. खोटं बोलणारा मला लांबून, चालण्यावरून ओळखता येतो. खरं बोलणाऱ्याची मात्र सवय नव्हती. हा खोली बघायला आला तेव्हा मी रीतीप्रमाणे विचारलं, ‘काय काम करतोस?’ तर म्हणाला, ‘काका, मी एक ऑनलाइन गेम बनवतोय. अजून झालेला नाही. कधी होईल सांगता येत नाही. झाल्यावर चालेल की नाही, तेही माहीत नाही.’ असं बोलून खोली मागणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर फार मोठ्या घरचा. हा नगरकडच्या एका मास्तरांचा मुलगा निघाला, म्हणजे मोठ्या घरचा नव्हता. मी खोली दिली. आमच्या हेंद्रेपाड्यात तेव्हा सगळे मला वेडा म्हणाले, पण मी लोकांना विचारून घर बांधलं नाही, तर लोकांना विचारून भाडेकरू कशाला ठेवू?

त्याचं खरं बोलणं साधं नव्हतं, ते अंगावर यायचं. आमची बायको त्याला जिन्यात गाठून विचारायची, ‘आरं, रातचा जेवाला येशील का?’ दुसरा कोणी ‘हो’ नाहीतर ‘नाही’ म्हणून मोकळा झाला असता. हा दोन पायऱ्या उतरून, विचार करून सांगायचा, ‘काकू, शक्यता आहे. पण आश्वासन देत नाही.’ बायको भाकऱ्या थापून बसायची आणि हा यायचा, किंवा यायचा नाही, आणि दोन्ही वेळेला त्याचं बोलणं खरं ठरायचं. एकदा अंबरनाथहून एक सोयरीक आली. त्याचे आईवडील लांब, म्हणून पाहुण्यांना मी माझ्या ओटीवर बसवलं. मुलीच्या बापाने सहज विचारलं, ‘काही सवयी वगैरे?’ झालं. हा सरळ बसला आणि सुरू झाला, ‘माझ्यात सध्या माहीत असलेले दोष सांगतो. सकाळी उठत नाही. काम अडलं की कोणाशी बोलत नाही. केस गळतायत, त्यावर उपाय चालू आहे. आणखीही असतील, ते राहायला आल्यावर सापडतील, तेव्हा कळवत जावं.’ पाहुण्यांचा चहा बशीतच राहिला. ते गेल्यावर बायको म्हणाली, ‘या पोराचा आता काय करावा?’ मी म्हटलं, ‘काही करू नको. असा जावई मिळायला त्यांचं नशीब नव्हतं.’

त्याचा गेम मी समजून घेतला, कारण माझ्या डोक्यावर काय चाललंय ते मला कळायला हवं. गेमचं नाव ‘नदीकाठ’. मोकळा काठ असतो, तिथे जगातली माणसं आपापल्या घरी बसून जमतात, मिळून गाव वसवतात, आणि वर्षातून एकदा नदी चढते तेव्हा एकमेकांना धरून राहिले तर वाचतात. उल्हास नदी आमच्या उशाला आहे, त्यामुळे हा भाग मला कोणी शिकवायला नको होता. अडलं ते पुढे. तो म्हणाला, ‘काका, पूर्ण व्हायच्या आधीच लोकांना आत घ्यायचं. ते राहतील, काय मोडतंय ते सांगतील, आपण दुरुस्त करत जायचं. याला अर्ली ॲक्सेस म्हणतात.’ मी त्याला गच्चीवर नेलं. माझं घर मी आधी खालचं बांधलं, प्लास्टर न करता राहायला आलो, मग वरचा मजला काढला, आणि तिसऱ्यासाठी स्लॅबमधून सळया वर सोडून ठेवल्या. त्या सळया दाखवून मी म्हटलं, ‘हेच ना?’ सगळं बदलापूर असंच तर वसलंय. लिफ्ट यायची असते, रंग व्हायचा असतो, नळाला पाणी कधी येईल ते बिल्डरलाही माहीत नसतं, आणि माणसं गॅस घेऊन राहायला आलेली असतात. फरक एवढाच, की बिल्डर सांगत नाही आणि हा सांगायचा.

सांगायचा म्हणजे किती! आत घ्यायच्या आधीपासूनच काही लोक पारखायला म्हणून खेळत होते. त्यांच्यासाठी दर शुक्रवारी तो एक निवेदन टाकायचा, त्याला अपडेट म्हणायचा: या आठवड्यात काय झालं, काय झालं नाही, काय करायला गेलो आणि काय बिघडवून बसलो. ब्राझीलपासून पोलंडपर्यंत लोक ते वाचायचे. पण टाकण्याआधी तो खाली यायचा आणि मराठीत मला वाचून दाखवायचा. का, असं विचारलं तर म्हणाला, ‘तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल.’ मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तोच खाली आला आणि म्हणाला, ‘काका, माझं वाक्य चुकलं. तुम्ही मधेच झोपलात की मला कळतं, मी कुठे पाल्हाळ लावलंय.’ हे मात्र पटण्यासारखं होतं. एका शुक्रवारी त्याने वाचलं, की गेममधल्या बकऱ्या झाडावर चढतायत, हा दोष आहे, माफ करा, काढून टाकला. पुढच्या शुक्रवारी वाचलं, की बकऱ्या खाली उतरवल्याबद्दल लोक फार चिडलेत, माफ करा, परत चढवल्या. बायको मोरीतून ओरडली, ‘त्या बकऱ्यांना तरी इचारलास का?’ त्याने तेही वाक्य अपडेटमध्ये घातलं, ‘आमच्या काकूंचा प्रश्न’ म्हणून.

त्याचा भागीदार होता उल्हासनगरचा, सिंधी, वडिलांचं कापडाचं दुकान. चित्रं हा भागीदार काढायचा. झाडं, माणसं, बकऱ्या सगळं त्याच्या हातचं. पोरगा गुणी, पण धंद्याच्या घरातला, त्यामुळे भाडेकरूचं एकेक अपडेट वाचलं की डोकं धरायचा. ‘काका, इसको समझाओ ना. कोण दुकानदार पाटी लावतो का, की आमचा कपडा उसवतो म्हणून?’ त्याहून मोठं दुखणं तारखेचं. उद्घाटनाची तारीख दोनदा दिली होती आणि दोनदा पुढे गेली होती. दोन्ही वेळा आमच्या महाशयांनी कारणासकट कबूल केलं, आणि नंतर तारीख द्यायचंच सोडून दिलं. शेवटी भागीदार माझ्या ओटीवर बसून त्याला म्हणाला, ‘साईं, आता शेवटचं. शुक्रवार, संध्याकाळी सात. लोक आले आणि राहिले तर ठीक. निघून गेले, तर मी पप्पांच्या दुकानात बसतो, तू ती हैदराबादची नोकरी घे.’ हैदराबादचं पत्र आलेलं आहे हे मला तेव्हा कळलं. भाडेकरूने माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाला, ‘बरं. शुक्रवार सात.’ त्याने तारीख दिली, आणि त्याचा चेहरा कोणीतरी जमीन लिहून घेतल्यासारखा झाला.

आता ज्या पोराने माझ्या घरात बसून गाव वसवलं, त्याचं उद्घाटन मुकाट्याने व्हायचं? आमच्यात बारसं असलं तरी गल्लीला कळतं. मी त्याला न सांगता उल्हासनगरचा मांडववाला आणला. दारात मोठी कमान, तिच्यावर रंगीत दिव्यांनी लिहिलेलं ‘नदीकाठ’, दोन हॅलोजन, आणि नारळ फोडल्यावर वाजवायला साऊंडचे दोन उंच खोके. आमच्याकडे शुक्रवारी लाइटचा भरवसा नसतो, म्हणून मी मांडववाल्याला सांगितलं, ‘काही झालं तरी कमान विझता कामा नये. जिन्याखाली पोराचा इन्व्हर्टर आहे, त्यावर घे.’ तिथे पिन लावायला एकच जागा होती. मांडववाल्याने तिथली पिन काढून साध्या बोर्डात लावली आणि कमानीची इन्व्हर्टरला दिली. काढलेली पिन वरच्या कॉम्प्युटरची होती. या प्रकाराला चूक म्हणणारे लोक आहेत, आमची बायको त्यांत पहिली. मी म्हणतो, कमान विझली नाही ना?

सातला थोडा वेळ असताना मी नारळ फोडला आणि साऊंडवाल्याला हात केला. पहिला ठोका पडला आणि मीटरवरचा फ्यूज उडाला. घर काळोखात, फक्त कमान झगमगत होती. वर भाडेकरू गेमचा शेवटचा भाग नेटवर चढवत होता, तो अर्धा चढला आणि कॉम्प्युटर बंद पडला. पण गेम राहतो तो लांबच्या भाड्याच्या यंत्रावर. त्याला काय माहीत आमचा फ्यूज? त्याने सातच्या ठोक्याला दार उघडलं. लोक आत शिरले. घरं होती, झाडं होती, बकऱ्या होत्या. जमीन चढायची राहिली होती. पोलंडचे, ब्राझीलचे, नाशिकचे, सगळे दारातून आत आले आणि खाली पडत राहिले.

दोघे धावत जिना उतरले आणि कमानीखाली उभे राहिले. भागीदाराच्या मोबाइलवर शिव्या येत होत्या, त्या तो एकेक करून वाचत होता. मग म्हणाला, ‘लिख दे ना यार, लाइट गेली. इकडे सगळे तेच लिहितात.’ भाडेकरूने शेजारच्या घरांकडे पाहिलं. सगळीकडे उजेड होता. त्याने कमानीची वायर नजरेने धरली, ती जिन्याखाली गेली तिथपर्यंत पाहिली, आणि खालच्या पायरीवर बसला. म्हणाला, ‘लाइट गेलेली नाही.’

भागीदार म्हणाला, ‘मग जे झालं ते लिही.’

‘तेही नाही लिहिणार.’

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. दर शुक्रवारी बकऱ्यांपर्यंत सगळं कबूल करणारा माणूस, हातात मोबाइल धरून एक अक्षर लिहीत नव्हता. तिकडे लोक पडत होते आणि इकडे हैदराबाद जवळ येत होतं. काय चाललंय ते मला उमगलं, आणि सांगतो, मला संताप आला. मी म्हटलं, ‘का रे? माझं नाव घ्यायला लाज वाटते? मी काय चोर आहे? चोरून लावली का मी कमान? लिही. मी सांगतो तसं लिही.’

‘काका, राहू द्या.’

‘घर माझं आहे. लिही!’

त्याने लिहिलं. मी सांगत गेलो आणि तो तिथेच बसून इंग्रजी करत गेला. ‘नमस्कार. मी या पोराचा घरमालक. तुम्ही ज्या खड्ड्यात पडताय तो त्याने खणलेला नाही. त्याच्या उद्घाटनाला दारात कमान मी लावली, कारण आमच्याकडे नवं घर अंधारात उघडत नाहीत. कमान विझू नये म्हणून त्याचा इन्व्हर्टर मी घेतला. कमान चालू आहे, त्याचं यंत्र बंद आहे. मी फ्यूज बांधतोय. तोवर पडत राहा, लागत नाही असं तो म्हणतो. घर अर्धं आहे हे त्याने तुम्हाला आधीच सांगितलं होतं. माझंही अर्धंच आहे, आणि आम्ही इतकी वर्षं त्यात सुखाने राहतोय. जायचं त्याने जावं. पण पुढची कमान लागेल तेव्हा बोलावणार नाही.’ शेवटचं वाक्य भागीदाराला काढायचं होतं. भाडेकरू म्हणाला, ‘काकांनी सांगितलंय, ते राहील.’ खाली त्याने कमानीचा फोटो जोडला.

मी फ्यूज बांधला, हॅलोजन आणि साऊंड काढायला लावले, आणि भाडेकरूने जमीन चढवली. तोवर काही लोक गेले होते, ते परत आलेच नाहीत. पण बरेच थांबले होते. पडता पडता त्यांनी आपसात शर्यत लावली होती म्हणे, सर्वात झोकात कोण पडतो त्याची. पोलंडच्या एकाने लिहिलं, ‘माझे आजोबा असेच होते.’ दुसऱ्याने विचारलं, ‘कमान गावात मिळेल का?’ भागीदार ते वाचून हसायला लागला, आणि हसता हसता त्याने माझ्या पायाला हात लावला. म्हणाला, ‘काका, दुकान बच गया. पप्पांचं नाही, आपलं.’ बायकोने काळोखातच भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या. त्या दिवशी भाडेकरू न विचारता जेवायला आला.

हैदराबादला तो गेला नाही. पण गेम मोठा झाला, कामाला माणसं लागली, वरची खोली पुरेना. भागीदाराच्या दुकानावर उल्हासनगरला दोन खोल्या होत्या, तिकडे बिऱ्हाड हललं. जाताना नव्या भाडेकरूला त्याने माझ्यासमोर सांगितलं, ‘पावसात मोरीची भिंत ओली होते. पंखा आवाज करतो. काका तापट आहेत, यावर उपाय नाही, पण सवय होते आणि मग सुटत नाही.’ नवा भाडेकरू चांगला आहे. जेवायला येतोस का विचारलं की ‘हो’ म्हणतो आणि येतो. बायकोला करमत नाही.

गेममध्ये आता आमचं घर आहे. दारात कमान, जी कधीच विझत नाही, आणि गच्चीवर सळया, हुबेहूब. अजूनही शुक्रवारी त्याचा फोन येतो, अपडेट वाचून दाखवतो, आणि मी झोपतो की जागा आहे ते मधे मधे तपासतो. परवा म्हणाला, ‘काका, लोक विचारतायत, त्या घराचा तिसरा मजला कधी होणार? काय लिहू?’

माझा मुलगा म्हणतो, सळया कापून टाका, स्लॅब गळतो. मला डॉक्टरांनी जिना चढायची मनाई केली आहे. मी म्हटलं, ‘लिही, काम बंद पडलेलं नाही.’

तो म्हणाला, ‘काका, खरं आहे ना? मला खोटं लिहिता येत नाही.’

मी फोन कानाला तसाच धरून ओटीवर आलो, कठड्याला हात टेकून अंगणात उतरलो आणि वर पाहिलं. सळया गंजून लाल झाल्यात. बायकोने एका सळीपासून दुसऱ्या सळीपर्यंत दोरी बांधली आहे, तिच्यावर नव्या भाडेकरूचे शर्ट वाळत होते.

‘खरं आहे,’ मी म्हणालो. ‘फक्त तारीख देऊ नकोस.’