फारूक मिस्त्री आणि पेंढ्याची भिंत

भोरमध्ये फारूक मिस्त्रीचा हात लागला नाही अशी गल्ली सापडणं मुश्कील होतं. कुणाचा जिना त्यानं बांधलेला, कुणाची पाण्याची टाकी, कुणाचा वरचा मजला. मिसरूड फुटायच्या आधीच त्यानं थापी धरली, ती मग सुटलीच नाही. माणूस बोलायला कमी. गिलावा मात्र असा करायचा की चुन्याचा हात मारायचा राहिला तरी भिंत उघडी वाटू नये.

पन्नाशी उलटली आणि हातांनी दगा दिला. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची. त्यानं खोबरेल चोळलं आणि काम चालू ठेवलं. मग कातडी सालपटासारखी निघू लागली, तळव्यांना भेगा पडल्या, भेगांतून रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, "मिस्त्री, ही सिमेंटची ॲलर्जी आहे. मलमानं बरं वाटेल, पण सिमेंटला हात लावला की परत येणार. काम बदला."

"काम बदलू म्हंजी काय करू साहेब? ह्या वयात वकील होऊ?"

डॉक्टर हसले. फारूकला काही हसू आलं नाही.

त्यानं रबरी हातमोजे घालून बघितले. मोज्यात घाम साचायचा, घामात सिमेंटची भुकटी शिरायची आणि संध्याकाळी हात भाजल्यासारखे लाल व्हायचे. शेवटी शेवटी तर भाकरी मोडता येईना. सुगरा, त्याची बायको, भाकरी कुस्करून कालवणात कालवायची आणि घास त्याच्या तोंडापुढे धरायची. पहिल्या दिवशी त्यानं तोंड फिरवलं.

"अवो, गुमान खावा," सुगरा म्हणाली. "म्या काय गावात सांगत सुटणार न्हाई."

त्यानं खाल्लं. घास गिळताना डोळे भरून आले, ते त्यानं तिखटावर ढकललं.

तीन-चार महिने घरी बसण्यात गेले. मग एक दिवस हार्डवेअरच्या दुकानदारानं एका बाईला त्याच्या दारात आणून सोडलं. प्रेरणा तिचं नाव. शिकून इंजिनियर झालेली, आणि घरं बांधायची ती माती, बांबू, दगड असल्या वस्तूंची. वेल्ह्याच्या अलीकडे सुलक्षणा नावाच्या एक निवृत्त नर्सबाई माहेरच्या तुकड्यावर घर बांधत होत्या. तिथं दगडी जोत्यासाठी जाणता गवंडी हवा होता.

"शिमीट किती लागंल?" फारूकनं पहिलं हेच विचारलं.

"अजिबात नाही."

"मग भिंती कशाच्या?"

"पेंढ्याच्या. भाताच्या पेंढ्याच्या गासड्या करायच्या, एकावर एक रचायच्या आणि वरून मातीचा गिलावा."

फारूकनं दुकानदाराकडे बघितलं. तो गंमत करतोय असं त्याला वाटलं. ती गेल्यावर सुगरानं आतून विचारलं, "पेंढ्याचं घर? मग त्यात गुरं ऱ्हाणार हायेत व्हय?"

"कोन बी ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "शिमीट न्हाई म्हणली ती. म्या जातो."

हौस म्हणून नाही, तर हातांना दुसरं काही झेपत नव्हतं म्हणून तो मातीकडे गेला.

भोरहून चेलाडीला उतरायचं, तिथून वेल्ह्याची एसटी धरायची आणि पुढं ओढ्याच्या कडेनं चालत जायचं. रोजचं येणंजाणं जमेना, म्हणून तो तिथंच पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागला. गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा, शुक्रवारची नमाज पढून शनिवारी सकाळी परत निघायचा.

जोत्याचं काम त्यानं मन लावून केलं. दगड त्याच्या ओळखीचा होता. जोतं झालं, लाकडी खांब उभे राहिले, वर छप्पर चढलं. तोवर भातकापणी उरकली होती. आसपासच्या खाचरांतला पेंढा यंत्रात दाबून प्रेरणानं गासड्या बांधून घेतल्या. आणि तिथून फारूकची परीक्षा सुरू झाली. गासड्या विटांसारख्याच सांध्यावर सांधा येऊ न देता रचायच्या, मधून बांबूच्या खुंट्या ठोकायच्या, इथवर ठीक. पण ओळंबा सोडला की भिंत कुठं पोट काढायची, कुठं आत जायची. तो गासडी काढायचा, परत बसवायचा, पुन्हा तेच.

"चाचा, इतकं सरळ नको," प्रेरणा म्हणायची. "गिलाव्यात भरून निघेल ते."

"म्या वाकडी भिंत कवा बांधली न्हाई," तो पुटपुटायचा आणि पुन्हा ओळंबा सोडायचा.

मातीचं काम गावातल्या बायकांकडं होतं. त्यांची म्होरकी बनाबाई. माती, भाताचं तूस, शेण आणि पाणी खड्ड्यात टाकून त्या पायांनी तुडवायच्या. माणसं कमी पडली की फारूकलाही खड्ड्यात उतरावं लागायचं. मार्गशीर्षातली सकाळ, चिखल बर्फासारखा गार, एकेक पाय उपसताना मांडीपर्यंत कळ जायची. बायका गप्पा मारत तुडवायच्या. हा दोन फेऱ्यांत धापा टाकत काठावर बसायचा. अख्खा जन्म उस्ताद म्हणून मिरवलेल्या माणसाला पुन्हा बिगारी होताना जे वाटतं, तेच त्याला वाटायचं. तक्रार करायलाही अंगात जोर नसायचा.

गावातले लोक येऊन बघून जायचे. कुणी म्हणायचं आग लागेल, कुणी म्हणायचं उंदीर होतील. सुलक्षणाबाईंचा चुलतभाऊ तर रोज यायचा. "अक्के, चांगली पेन्शन हाय तुला. वैरणीत कशापायी ऱ्हातीस?"

"सारा जन्म सरकारी क्वार्टरच्या स्लॅबखाली भाजले रे," बाई शांतपणे म्हणायच्या. "आता गार झोपू दे."

दोन भिंती पुऱ्या झाल्या, पश्चिमेची छपराला टेकली. तिचा गिलावा तेवढा राहिला होता. आणि अवकाळी आला. पाऊस मोठा नव्हता, पण वारा पिसाळलेला होता. पश्चिमेला बांधलेली ताडपत्री टराटरा फाटली आणि पावसाचा मारा सरळ उघड्या पेंढ्यावर झाला. सगळ्यांनी धावपळ करून पत्रे आडवे लावले, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पुढं चार दिवस ऊन पडलं. भिंत बाहेरून वाळलेली दिसू लागली, फारूकला बरं वाटलं. मग प्रेरणानं गासडीत हात खुपसला आणि तिचा चेहरा उतरला.

"चाचा, हात घालून बघा."

त्यानं हात घातला. आत वाफारा होता. मूठभर पेंढा ओढून काढला तो काळा निघाला, आंबट वासाचा.

"पूर्ण भिंत काढावी लागेल," प्रेरणा म्हणाली.

फारूक जोत्यावर टेकला. मग उठून त्यानं ओळंबा आणि थापी पिशवीत टाकली. "ताई, आमच्या शिमीटात असलं झालं नसतं. माझ्यात आता दम न्हाई." एवढं बोलून तो रस्त्याला लागला. कुणी अडवलं नाही, अडवायला कुणाच्या अंगात त्राणच नव्हतं.

घरी आल्यावर त्याला एका जुन्या ठेकेदाराचा फोन आला. शिवऱ्याला हायवेलगत मोठं काम निघालं होतं. "मिस्त्री, हात लावू नका. खुर्ची टाकतो, नुसती देखरेख करा." फारूकला वाटलं, अल्लानं ऐकलं. तो गेला, खुर्चीवर बसला. पण पोरं कोपरे असे बुजवत होती की त्याला बघवेना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो उठला, एकाच्या हातातली थापी घेतली आणि "हे बघ, असं," म्हणत सारा कोपराच करून दिला. काम करताना फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं मिटेनात.

सुगरानं हात बघितले. ओरडली नाही. मलम आणलं, फडकं आणलं, समोर बसून एकेक बोट बांधत राहिली. मग म्हणाली, "वेल्ह्याला हुता तवा तुमी सदऱ्याच्या गुंड्या आपल्या हातानं लावत हुता. म्या बघत हुते."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

हातांची फडकी सुटायच्या आत बनाबाईचा फोन आला. "मिस्त्री, भिंत आमी सोडवली बरं का. काळा पेंढा उकिरड्यात नेऊन टाकला. नव्या गासड्या आल्यात, पर ताईंच्यानं एकटीनं रेटंना. तुमी येताय का दुसरा बघू?"

"न्हाई म्हणलो तर?"

"तर दुसरा बघू," बनाबाई सरळ म्हणाली. "पर जोत्यागत काम करणारा गावंल का, ठावं न्हाई."

"बघतो," म्हणून त्यानं फोन ठेवला. कसली उमेद वगैरे आली नव्हती. जायचं तर तिथंच, दुसरीकडे कुठं हात चालणार नव्हते, एवढंच त्याला कळत होतं. शनिवारी तो चेलाडीला उतरला.

पश्चिमेची भिंत पुन्हा उभी राहिली. या वेळी त्यानं ओळंबा सोडला खरा, पण भिंतीनं थोडं पोट काढलं तर काढू दिलं. गासड्या चढतील तसा लगेच मातीचा पहिला हात देत गेले. शेवटी हिरड्याच्या आणि गुळाच्या पाण्यात कालवलेला चुना बाहेरून द्यायचा होता. चुनाही हातांना सोसणार नव्हता, ते काम बनाबाईच्या बायकांनी उचललं. फारूक आतल्या खोलीत मातीचा शेवटचा हात फिरवत बसायचा. माती हळू वाळते, घाई करू देत नाही. एका भिंतीवर तो दिवसच्या दिवस घालवायचा आणि संध्याकाळी शेडमध्ये पाठ टेकताच झोपायचा.

चैत्रात घरभरणी झाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत गारवा होता. चुलतभाऊ भिंतीवर टकटक करून बघत होता, कुठं पोकळ लागतंय का ते. लागलं नाही, पण तसं तो बोलला नाही, जेवून निघून गेला. सुलक्षणाबाईंनी फारूकला आणि सुगराला पाटावर बसवून वाढलं. सुगरानं भिंतीवरून हात फिरवला. "चांगलं केलंत," म्हणाली. तो नुसता मान हलवून जेवत राहिला. आपल्या हातानं.

पुढं कामाचा ओघ लागला असं काही झालं नाही. भाटघरच्या बाजूला एकाची मातीची खोली, कुठं जुन्या घराच्या भिंतीची डागडुजी, मधे मधे रिकामे महिने. हात बरे झाले. मग गुडघे गेले. आता खड्ड्यात उतरून चिखल तुडवणं त्याला जमत नाही. जे जमतं ते तो बसून करतो.

दिवाळी झाली की सुलक्षणाबाईंचा फोन येतो. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला कुठं ना कुठं तडा जातोच. सिमेंटची भिंत बांधून विसरता येते, ही येत नाही. तो कुरकुरतो, मग पिशवी उचलतो. यंदा गेला तेव्हा बाईंनी स्वतःच माती भिजवून ठेवली होती. त्यांचीही कंबर आता धरलेली. घमेलं पालथं घालून तो भिंतीपाशी बसला, बाई मातीचे गोळे हातात देऊ लागल्या.

"मिस्त्री, कंटाळा येतो का हो दर वर्षीचा?"

"येतो की," फारूक म्हणाला. तड्यात माती दाबून त्यानं अंगठ्यानं सारखी केली. "वाइच घट्ट मळा बाई, लई सैल झालीया."

बाई पुन्हा मळायला बसल्या. अजून अर्धी भिंत बाकी होती.